आबांचा वाव

नावेचा दोर खुंटाला अडकायच्या आधीच अक्काने उडी मारली.

"अहो बाई, थांबा!" पूर्वेच्या शिष्टमंडळाचे कर्नल ओरडले. तोवर ती बेटाच्या धक्क्यावर उभी होती. एका बुटात पाणी भरलं होतं आणि ती हसत होती.

सात वर्षं. पूर्व काठावरच्या तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बेट रोज दिसायचं. नावांच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर, डांबराच्या भट्टीचा धूर, पाण्यात उतरत जाणारा दगडी उतार. तिचे वडील, आबा, गेले त्या दिवशी उतारावर जमलेली माणसंही तिने खिडकीतूनच मोजली होती. त्रेसष्ट. वल्ही मारली तर वीस मिनिटांचा रस्ता, पण मध्ये युद्ध होतं.

भाऊ धावत आला. चाळिशी उलटली तरी हा धाकटा भाऊ तिला पाहिलं की धावायचाच.

"अक्का, पडली असतीस ना!"

"पडले असते तर तुझ्या देशात पडले असते. नाहीतर माझ्या. आज संध्याकाळपर्यंत कळेलच."

भाऊने इकडेतिकडे पाहून तिचा हात दाबला. "सगळं ठरल्याप्रमाणे?"

"ठरल्याप्रमाणे. आता तोंड बंद ठेव, थोरले येतायत."

दादा सावकाश आला. त्याचा डावा हात अंगाला चिकटलेला होता. युद्धात नदीवरचा पूल पडला तेव्हा एक तुळई त्याच्या खांद्यावर आली होती, आणि तेव्हापासून तो हात कोपराच्या वर उचलत नव्हता. हे अक्काला पत्रातून कळलं होतं. पाहत होती आज.

"आलीस?"

"नाही, अजून तिकडेच आहे."

"वजन वाढलंय तुझं."

"सात वर्षांनी भेटलास आणि एवढंच दिसलं? तुझे केस कुठे गेले ते मी विचारलं का?"

दादाच्या ओठाचा कोपरा हलला. त्याच्याकडून एवढं मिळालं म्हणजे मिठीच मिळाली, हे अक्काला ठाऊक होतं. तिला एकदम भरून आलं, म्हणून ती खाली वाकून बुटातलं पाणी ओतत बसली.

*

तहाच्या एकोणिसाव्या कलमातल्या दोनच ओळी या कुटुंबाच्या होत्या. सीमा नदीच्या मुख्य प्रवाहातून जाईल. जिथे नदीचे दोन फाटे होतात, तिथे युद्धाच्या आदल्या वर्षी जो फाटा अधिक खोल होता तो मुख्य समजला जाईल.

आदल्या वर्षी, कारण नंतर पडलेल्या पुलाने दोन्ही फाट्यांत एवढा गाळ साचवला होता की आज मोजून काहीच सिद्ध झालं नसतं. पूर्वेचा फाटा खोल ठरला तर बेट दादाच्या देशात राहणार होतं. पश्चिमेचा ठरला तर अक्काच्या देशात जाणार होतं.

आयोगाने कारखान्यातच टेबल मांडलं होतं. टेबल म्हणजे दोन ओंडक्यांवर चार फळ्या. मध्ये दोन्ही देशांनी मान्य केलेले एक निवृत्त न्यायमूर्ती, उजवीकडे कर्नल, डावीकडे आपले, पश्चिमेचे सचिव. कारकून वाचू लागला तेव्हा दादा अर्धवट बांधलेल्या नावेच्या फासळ्यांकडे बघत होता. तिसरी फासळी अर्धा बोट बाहेर आली होती. पुन्हा बसवायला हवी.

"पश्चिम फाटा. बंदर कार्यालयाची नोंद. किमान खोली आठ मीटर पंचवीस," कारकून म्हणाला. "पूर्व फाटा. सरकारी नोंद उपलब्ध नाही. नावा त्या बाजूने सोडल्या जात असल्याने कारखान्याची नोंदवही दोन्ही पक्षांनी ग्राह्य धरली आहे. किमान खोली सव्वाचार वाव. वाव म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतची लांबी. कोष्टकानुसार एक मीटर त्र्याऐंशी. म्हणून सात मीटर अठ्ठ्याहत्तर. पश्चिम फाटा अधिक खोल. सीमा पश्चिमेकडून. बेट पूर्वेकडे."

बेट पूर्वेकडे. कपाट जरा तिकडे सरकवा, असं सांगावं तसं.

"उथळ?" दादा उठलाच. "पूर्व फाटा उथळ? दीडशे नावा सोडल्यात मी त्यात! एकीचा तळ घासला नाही!"

"वही तुमचीच आहे," सचिव हळूच म्हणाले. "अर्जात 'एकक: वाव' हे अक्षरही तुमचंच."

न्यायमूर्तींनी घड्याळ पाहिलं. "हरकत असेल तर चार वाजेपर्यंत मांडा, पुराव्यासह. साडेचारला नकाशावर सह्या होतील."

एक वाजायला दहा मिनिटं होती.

*

अवजारांच्या खोलीचं दार दादाने उजव्या हाताने लावलं. ते नीट लागलं नाही. त्या दाराला कधी कडी बसवली नव्हती.

"सचिवांना सांगून काही होईल," दादा म्हणाला. "राजधानीत कुणी—"

"दादा," भाऊ म्हणाला. "बेट गेलं तर राहणाऱ्यांना वर्षभराची मुदत आहे. कुठला देश ते निवडायचं. तिकडचं नागरिकत्व न घेणाऱ्याने मालमत्ता तिकडच्या माणसाच्या नावावर करायची."

"कलम मला पाठ आहे."

"मी तिकडचं घेणार आहे."

दादाने दार पुन्हा ओढलं.

"कारखाना अक्काच्या नावावर होईल," भाऊ एका दमात म्हणाला, थांबला असता तर पुढचं बोलता आलं नसतं. "चालवीन मी."

"हे कधी ठरलं?"

"बारा पत्रं झाली."

"बारा! मला सात वर्षांत एक नाही!"

"एकच लिहिलं होतं तुला, लग्नानंतर," अक्का म्हणाली. "तांबड्या शाईने शुद्धलेखन सुधारून परत पाठवलंस."

"विषय बदलू नकोस. त्यांच्या बॉम्बनं पूल पडला. त्या पुलाची तुळई या खांद्यावर पडली. आणि त्यांचा कागद हा खिशात घालणार?"

"बॉम्ब तुमचा होता की आमचा, ते अजून कुणाला ठाऊक नाही," अक्का म्हणाली. "पूल मात्र दोघांचा होता."

"दादा, वीस वर्षं मी लोखंडी नाव म्हणतोय." भाऊचा आवाज चढला. "वीस वर्षं तुझं एकच, आबांनी लाकडाची बांधली. नकाशे काढले, तू त्यात खिळे गुंडाळलेस. माप मी घेतलं की तू पुन्हा घेणार. या कारखान्यात मला कधी वाव मिळाला?"

"वाव?" दादा गरजला. "घे की! सव्वाचार वाव मिळाले तुला आज! अख्खं बेट मिळालं!"

अक्काला नको तेव्हा हसू फुटलं. तिने तोंडावर हात धरला. दादाने टेबलावरचा रंधा उचलला, कुठे ठेवायचा ते न सुचून परत तिथेच ठेवला, आणि तो खोलीतून निघून गेला.

दाराबाहेर भाऊची मुलगी नोंदवही छातीशी धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पण काका समोरून गेले तरी तिने मान वर केली नाही.

*

घरात तिला फुटपट्टी म्हणत. नाव दादाने ठेवलं होतं. सहा वर्षांची असताना तिने बिस्किटाचे दोन तुकडे मोजून आपला लहान असल्याची तक्रार केली होती. आता भौतिकशास्त्राची पदवी घेऊनही ती फुटपट्टीच होती.

काकांचा तो एक शब्द तिच्या डोक्यात अडकला होता. सव्वाचार वाव मिळाले *तुला*. म्हणजे वाव कुणाचा तरी असतो.

पहिल्या वर्षाचे प्रयोगशाळेतले मास्तर एक प्रश्न इतक्यांदा विचारायचे की मुलं त्यांची नक्कल करायची. आकडा समजला, पण कशाने मोजलास? इथे कारकुनाने कोष्टक उघडलं होतं. कोष्टकातला वाव कुणातरी सरासरी माणसाचा. वहीतला वाव कुणाचा?

आबांचा. आबांनी स्वतःचे हात पसरून दोराला गाठी मारल्या होत्या, आणि पन्नास वर्षं तो दोर म्हणजेच वाव होता. काका, बाबा, सगळे त्याच दोराने मोजत मोठे झाले. त्यांच्यापैकी कुणाला दुसरा वाव असतो हे सुचलंच नव्हतं. दोर युद्धात जळाला. आबाही गेले.

मग उरलं काय?

तिने वहीचं पहिलं पान उघडलं. आबांचं जाड, डावीकडे झुकलेलं अक्षर: *उतार बांधून पुरा. लांबी चोवीस वाव.*

तो उतार गेल्या आठवड्यात आयोगाच्या आराखड्यासाठी तिनेच पोलादी टेपने मोजला होता. सत्तेचाळीस मीटर अठ्ठावीस. तिने वहीच्या पुठ्ठ्यावरच भागाकार केला. मग पेन्सिलीला टोक काढून पुन्हा केला. एक मीटर सत्त्याण्णव.

सव्वाचार गुणिले एक सत्त्याण्णव. आठ मीटर सदतीस.

पश्चिम फाट्यापेक्षा बारा सेंटिमीटर जास्त. बेट जागेवर राहत होतं! ओरडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी ओरडून कुणाला सांगायचं ते आठवलं.

बाबा उताराच्या वरच्या टोकाला गुडघ्यावर बसून फरशीवर खडूने रेघा ओढत होते.

"बघ!" ते म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "हा नाळेचा, नावेच्या पुढच्या टोकाचा बाक. लाकडात एवढा बाक देताच येत नाही, लोखंडात येतो. पहिली नाव आपण—काय झालं?"

"बाबा, कोष्टक चुकलंय."

तिने सांगितलं. सगळं सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, "भागाकार पुन्हा केलास?" आणि ती म्हणाली, "तीनदा."

"कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच. आधी."

ते फरशीकडे बघत राहिले. "आणि मी नको म्हटलं तर?"

"तरी सांगेन," ती म्हणाली. "पण तुमचं ऐकून घेतल्याशिवाय सांगायचं नव्हतं."

बाबांनी हातावरचा खडू झटकला. बराच वेळ झटकत राहिले.

"अडीच वाजून गेलेत," ते शेवटी म्हणाले. "चालत जाऊ नकोस. पळ."

*

त्यानंतरचा तासभर बेटावर कुणी खाली बसलं नाही.

उतारावर टेप पसरली गेली. एक टोक सचिवांनी धरलं, दुसरं कर्नलांनी, बूट पाण्यात बुडवून. न्यायमूर्ती कोट काढून मधल्या दगडावर ओणवे झाले. सत्तेचाळीस अठ्ठावीस. पुन्हा. सत्तेचाळीस अठ्ठावीस.

"म्हणजे आपण इतकी वर्षं…" दादा पुटपुटला. मग त्याला कळलं आणि तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठरल्यापेक्षा लांब नाव दिली आपण!"

"तेरा फुटांमागे एक फूट," फुटपट्टी म्हणाली.

"तरीच कुणी तक्रार केली नाही," अक्का म्हणाली.

अक्काला आपल्या आनंदाचं नवल वाटत होतं. खरं तर तिचं सगळं हातातून निसटत होतं. कारखाना, भाऊ शेजारी राहायला येणं, बारा पत्रं. आणि तरी आबा कुठल्याही कोष्टकात मावत नव्हते, याचा तिला इतका अभिमान वाटत होता की टाळ्या पिटाव्यात.

"दगड नंतर वाढवले असतील," कर्नल म्हणाले. ते चिडले नव्हते, काटेकोर होते. "सात वर्षं आम्ही इथे नव्हतो. आणि एक सत्त्याण्णवचा वाव? असा माणूस असतो का?" ते अक्काकडे वळले. "बाई, तुम्ही आमच्या नागरिक आहात. आमच्या बाजूच्या माहितगार. तुमच्या वडिलांचे हात एवढे लांब होते?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. भाऊसुद्धा. आठवत नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"कर्नलसाहेब," अक्का म्हणाली, "आम्हाला धपाटा घालायला आबा कधी खुर्चीवरून उठले नाहीत. आम्ही खोलीत कुठेही असलो तरी."

न्यायमूर्ती हसले. कर्नलही हसले, पण मान हलवत. "ही आठवण झाली. पुरावा नव्हे. या घरातला एक तरी माणूस मला तेवढे हात पसरून दाखवू दे. असा वाव असू शकतो एवढं डोळ्यांनी दिसलं, की उताराचं माप मी मान्य करतो. एक पंच्याण्णव भरला तरी चालेल. तेवढ्यात पूर्व फाटा खोल ठरतो."

"मुलाच्या हातावरून बापाचा हात सिद्ध होत नाही," फुटपट्टी घाईने म्हणाली. "शास्त्राच्या दृष्टीने हा—"

"पोरी, गप्प बस," दादा म्हणाला आणि पुढे झाला. उजवा हात त्याने सरळ आडवा केला. भलामोठा हात होता, आबांचाच. मग त्याने दात आवळून डावा उचलायला घेतला. तो कमरेच्या वर आला आणि थांबला. दादाच्या कपाळावर घाम आला. हात आणखी बोटभर वर आला.

"राहू दे," भाऊ म्हणाला.

"होतंय."

"दादा, राहू दे. होत नाहीये."

चार वाजायला दहा मिनिटं असताना भाऊ न्यायमूर्तींसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पसरले.

कर्नलांनी टेप त्याच्या पाठीमागून नेली. भाऊला पाठीवर तिचा थंड स्पर्श जाणवला. समोर पूर्वेचा काठ दिसत होता. लोखंडी नावांसाठी तिथल्या मोकळ्या जागेची माहिती त्याने पत्रांतून इतक्यांदा मागितली होती की तिच्यावरचं प्रत्येक झाड त्याला माहीत होतं. तिथे लोखंडी पत्रा उतरवायला सपाट किनारा होता. तिथे कुणी माप पुन्हा घेणार नव्हतं.

"एक ब्याण्णव," कर्नल म्हणाले.

कारकुनाने लिहिलं.

दादाने मान खाली घातली. "बरं," तो म्हणाला, आणि त्या एका शब्दात नेहमीचा आवाज नव्हताच. अक्का भाऊच्या डाव्या कोपराकडे बघत होती. फुटपट्टीही तिकडेच बघत होती. तिचे ओठ उघडले आणि मिटले. ती बोलणार नाही हे भाऊच्या लक्षात आलं. मोजमापाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा पोरगी गप्प बसली होती, ते त्याच्यासाठी.

त्याने मुद्दाम केलं नव्हतं. निदान सुरुवात तरी त्याने मुद्दाम केली नव्हती. कोपर आपोआप जरासं वाकलेलं राहिलं होतं, आणि मग त्याने ते तसंच राहू दिलं होतं.

"पुन्हा मोजा," भाऊ म्हणाला.

"का?" कर्नल म्हणाले.

"कोपर वाकलं होतं माझं."

कर्नलांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला तर बेट आमच्याकडे यायला हवं होतं असं ऐकलं होतं."

"बरोबर ऐकलंत. टेपचं टोक नीट धरा, नखावर नको. बोटाच्या टोकाला."

त्याने हात ताणले. खांद्यातून, कोपरातून, मनगटातून, बोटांच्या शेवटच्या पेरापर्यंत. "अजून!" अक्का ओरडली. ती आता रडत होती आणि ओरडत होती. "अरे, करंगळी कशाला दुमडतोस, मधलं बोट ताण, मधलं!"

टेप सरकली.

"एक सत्त्याण्णव," कर्नल म्हणाले. मग डोळे बारीक करून, "आणि थोडं वर."

"थोडं म्हणजे किती?" फुटपट्टी किंचाळली.

न्यायमूर्तींनी नकाशावरची पश्चिमेची रेघ खोडून काढली. त्यांनी रबराचा चुरा फुंकला, आणि पूर्वेच्या फाट्यातून पेन्सिल खाली आणली. सचिव टाळ्या वाजवू लागले आणि आपण एकटेच वाजवतोय हे पाहून थांबले. अक्का नाक पुसत म्हणाली, "म्हणजे मला आता दर वेळी पास काढून यावं लागणार. दर आठवड्याला काढीन. कंटाळून जाल."

भाऊ अजून तसाच उभा होता, हात पसरून.

"झालं," दादा म्हणाला. "हात खाली घे."

"नाही घेत."

"अरे, माप झालं!"

"आधी लोखंडी नावेचं बोल. इथे. सगळ्यांसमोर."

दादाने न्यायमूर्तींकडे पाहिलं. ते सही करता करता थांबले होते, पेन तसंच हवेत होतं. त्याने अक्काकडे पाहिलं, तिने साफ तोंड फिरवलं. मग तो उताराच्या वरच्या टोकाला गेला आणि फरशीवरच्या खडूच्या रेघांपाशी उभा राहिला. त्याने आधी एका बाजूने बघितलं, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूने.

"हा नाळेचा बाक," तो तिथूनच ओरडला, "पत्र्यात खरंच येतो?"

भाऊने हात खाली घेतले आणि तो त्याच्याकडे धावत सुटला.